आधी मूळ बघा

आमच्या गावाकडे हरळीचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. माझ्या वडिलांची उभी हयात तिच्याशी झुंजण्यात गेली. उन्हाळी नांगरट झाली की घरातली सगळी माणसं पाट्या घेऊन ढेकळांतून हरळीच्या काशा वेचत फिरायची. एक पेर जरी मातीत राहिलं, तरी पहिल्या पावसाला ती पुन्हा उभी राहायची. कृषी पदवी घेऊन मी पुण्याजवळच्या एका गोल्फ मैदानावर नोकरीला लागलो आणि वर्षभरानं वडिलांना तिथे घेऊन गेलो. ग्रीनच्या कडेला त्यांनी चपला काढल्या, आत जाऊन उकिडवे बसले, तळहात फिरवला आणि म्हणाले, "अरे, ही तर हरळीच." मग थोडं थांबून म्हणाले, "हिला वरून कितीही काप, ती मरायची नाही. मूळ मेलं तर मात्र वर काही राहत नाही. मुळं किती खोल गेलीत, तेवढं बघत जा."

त्यानंतर पंचवीस वर्षं मी हेच काम करतो आहे. पुस्तकं वाचली, यंत्रं बदलली, पण कुठलाही निर्णय घेताना मी अजूनही स्वतःला एकच प्रश्न विचारतो: याने मुळांचं काय होईल? या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या कृषी पदवीधरांसाठी, गावच्या क्रिकेट मैदानाची निगा राखणाऱ्यांसाठी आणि सोसायटीची हिरवळ जपणाऱ्यांसाठीही हा लेख याच प्रश्नाभोवती लिहिला आहे.

आपण नेमकं काय सांभाळतो

गोल्फ आपल्याकडे नवा नाही. ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब कोलकात्यात १८२९ साली सुरू झाला. मुंबईत चेंबूरचं मैदान १९२७ पासून आहे. अठरा होलचं मैदान साधारण शंभर ते दीडशे एकरांत पसरलेलं असतं. त्यातल्या अठरा ग्रीन्सचं, म्हणजे जिथे होल असतं त्या बारीक कापलेल्या हिरवळींचं, क्षेत्र मिळून जेमतेम दोन-सव्वादोन एकर भरतं. पण ७२ फटक्यांच्या पारमध्ये, म्हणजे मैदानासाठी अपेक्षित फटक्यांत, ३६ फटके ग्रीनवरचे धरलेले असतात. म्हणजे अर्धा खेळ या दोन एकरांत होतो. आपलं निम्मं लक्षही तिथेच हवं.

आपल्या हवामानात ग्रीनवर बहुधा बर्म्युडा गवत असतं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचंच कूळ. ग्रीनवरचे बारीक पानाचे वाण मात्र संकरित आहेत. त्यातला 'टिफड्वार्फ' हा प्रसिद्ध वाण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन इथल्या संशोधन केंद्रातून ग्लेन बर्टन यांनी १९६५ साली प्रसारित केला. हे संकरित गवत बी धरत नाही. ते काड्या लावूनच वाढवावं लागतं. म्हणून ग्रीनचा एखादा तुकडा मेला तर बी टाकून तो भरून काढता येत नाही. बाजूच्या काड्या सरकत सरकत येईपर्यंत वाट पाहायची, नाहीतर रोपवाटिकेतली हिरवळ कापून तिथे बसवायची. प्रत्येक मैदानाने आपली एक छोटी रोपवाटिका राखली पाहिजे, ती याच कारणासाठी.

चाकू खिशात ठेवा

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या दोन ग्रीन्स दुपारी कोमेजल्यासारख्या दिसू लागल्या. ऊन कडक होतं, म्हणून मी पाणी वाढवलं. चार दिवसांनी त्या आणखी फिक्या पडल्या. मी आणखी पाणी दिलं. आमच्याकडे एक जुने माळी होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी कमरेचा चाकू काढला, ग्रीनमधून वीतभर खोल कापटा काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. कुजलेल्या अंड्यांचा वास आला. वरून चार बोटांखाली मातीत काळी रेघ दिसत होती आणि पांढरी मुळं कुठेच नव्हती. "साहेब, ही तहानलेली नाही. बुडालीय," मामा म्हणाले.

मुळांना हवा लागते. मातीतली पोकळी सतत पाण्यानं भरलेली राहिली की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून जास्त पाणी झालेलं गवत दुपारी तहानलेल्या गवतासारखंच दिसतं. वरून दोन्ही लक्षणं सारखी, आणि उपाय नेमके उलटे. चाकू आत घातल्याशिवाय फरक कळत नाही. त्या दोन ग्रीन्स सावरायला मला पूर्ण पावसाळा लागला.

तेव्हापासूनचा माझा नियम असा आहे. दर सोमवारी किमान सहा ग्रीन्सवर कापटा काढायचा: दोन चांगल्या, दोन मध्यम, दोन नेहमी त्रास देणाऱ्या. चार गोष्टी वहीत लिहायच्या. मुळांची खोली सेंटिमीटरमध्ये. मुळांचा रंग, पांढरी असतील तर ठीक, तपकिरी असतील तर सावध व्हायचं. मातीचा वास. आणि पृष्ठभागाखाली मेलेल्या काड्या-मुळांचा जो गादीसारखा थर साचतो, ज्याला आम्ही थॅच म्हणतो, त्याची जाडी. मग कापटा होता तसा परत बसवून पायानं दाबायचा. अख्खं काम तासाभराचं असतं. ही वही वर्षभर भरली की तुमच्या मैदानाबद्दल तुमच्याइतकं कोणालाच कळत नाही.

कापणी: अर्ध्या मिलिमीटरची किंमत

ग्रीनचं गवत साधारण तीन ते चार मिलिमीटरवर कापलं जातं. पहिल्या फटक्याच्या जागेपासून (टी) ग्रीनपर्यंतचा पट्टा, म्हणजे फेअरवे, बारा-पंधरा मिलिमीटरवर आणि त्याच्या कडेचं वाढू दिलेलं गवत, म्हणजे रफ, चाळीसच्या आसपास. एका वेळी पानाच्या उंचीचा एक-तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये, हा नियम तिन्ही ठिकाणी आणि तुमच्या सोसायटीच्या हिरवळीलाही लागू आहे. पान हे झाडाचं स्वयंपाकघर आहे. ते अचानक छाटलं की झाड मुळांचा शिधा काढून नवं पान घडवतं आणि मुळं आखूड होतात. सुट्टीवरून आल्यावर वाढलेली हिरवळ एका दिवसात खरवडून काढणारे बहुतेक जण इथेच चुकतात.

खेळाडूंना वेगवान ग्रीन्स हव्या असतात. वेग मोजायला स्टिंपमीटर नावाची साधी पन्हळ वापरतात. एडवर्ड स्टिम्पसन या हौशी गोल्फरनं ती १९३५ साली तयार केली आणि अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९७० च्या दशकात ती सुधारून मैदानांपर्यंत पोचवली. पन्हळीवरून सोडलेला चेंडू सपाट ग्रीनवर जितके फूट जातो, तितका तिचा वेग. स्पर्धा जवळ आली की दबाव येतो: "जरा खाली कापा." चारवरून साडेतीन मिलिमीटरवर येणं ऐकायला किरकोळ वाटतं, पण तुम्ही पानाचा आठवा हिस्सा काढून घेतलेला असतो. आधी इतर मार्ग वापरा. हलका रोलर फिरवा. बारीक वाळूचा पातळ थर द्या. नत्र थोडं मागे ठेवा. यानंही वेग वाढतो आणि पान शाबूत राहतं. उंची खाली आणायचीच असेल तर आठवड्याभरात टप्प्याटप्प्यानं आणा, आणि स्पर्धा संपली की त्याच संध्याकाळी ती वर घ्या.

धार रोज तपासा. दंडगोल फिरत्या पात्यांचं (रील) मोअर १८३० साली इंग्लंडच्या एडविन बडिंगनं शोधलं, आणि त्याचं तत्त्व आजही तेच आहे: फिरतं पातं आणि खालचं स्थिर पातं मिळून कात्रीसारखं कापतात. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी पात्यांत धरून हातानं रील फिरवा. कागद सगळ्या लांबीभर स्वच्छ कापला गेला पाहिजे. तो दुमडला किंवा फाटला तर गवतही फाटणार, पानांची टोकं दुपारपर्यंत पांढरी पडणार आणि त्या जखमांतून बुरशी शिरणार. कापणीची दिशाही रोज बदला. काल बारा-सहा, तर आज तीन-नऊ, असं घड्याळाच्या काट्यांवर ठरवलं की मोअर चालवणाऱ्याला चुकायला जागा राहत नाही.

पाणी मोजून द्या

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. हे सूत्र पाठ करा. पाचशे चौरस मीटरच्या ग्रीनला पाच मिलिमीटर द्यायचे तर अडीच हजार लिटर लागतात. अठरा ग्रीन्सना ४५ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. हा हिशेब एकदा केला की स्प्रिंकलर चालू करताना हात आपोआप जपून चालतो.

महाराष्ट्रात आपण हे काम करतो, ही गोष्ट विसरता कामा नये. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं आणि त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महिनाअखेरीनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला लावले. त्या दिवसांत हिरवळीला पाणी देताना माझं मन खात होतं, आणि ते खायलाच हवं होतं. म्हणून माझा आग्रह असा आहे: पिण्यायोग्य पाणी मैदानावर वापरू नका. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरा. त्यात क्षार असतात, तेव्हा पाण्याची आणि मातीची क्षारता नियमित तपासा आणि क्षार मुळांखाली ढकलण्यासाठी अधूनमधून एकदा भरपूर पाणी सोडून निचरा होऊ द्या. टंचाईत क्रम ठरलेला असावा: आधी ग्रीन, मग टी, मग फेअरवे. रफ सोडून द्या. हरळी पिवळी पडली म्हणून घाबरू नका. तिच्या काशा जिवंत असतात, पाऊस पडला की ती उठते. वडिलांची सगळी तक्रार हीच तर होती.

पाणी पहाटे चार ते सहाच्या दरम्यान द्या. रात्री दिलेलं पाणी पानावर तासन्‌तास राहतं आणि बुरशीला आमंत्रण देतं. रोज थोडंथोडं शिंपडण्यापेक्षा खोलवर देऊन मध्ये खंड पडू द्या, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खाली जातील. तहानेची खरी खूण अशी: गवतावर निळसर-राखाडी झाक येते आणि पावलाचा ठसा लगेच भरून येत नाही. अशा जागा बहुधा ओंजळभर असतात. तिथे हातानं पाइप धरून पाणी द्या. एका कोरड्या ठिपक्यासाठी अख्खी ग्रीन भिजवू नका.

वाळू आणि छिद्रं

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज मैदानावर १८६४ पासून काम पाहिलेले ओल्ड टॉम मॉरिस हे आमच्या व्यवसायाचे आद्यपुरुष. ग्रीनवर वाळू पसरण्याची प्रथा त्यांनी रूढ केली. वाळू थॅचमध्ये मिसळते, पृष्ठभाग समतल करते आणि पाण्याला खाली वाट देते. एक मिलिमीटरचा थर द्यायचा तर पाचशे चौरस मीटरच्या ग्रीनला अर्धा घनमीटर, म्हणजे साधारण आठशे किलो वाळू लागते. वाळू धुतलेली, चाळलेली आणि दर वेळी एकाच जातीची हवी. आज जाड, उद्या बारीक अशी टाकलीत तर मातीत थर पडतात आणि मुळं त्या थरावर येऊन अडतात. हे दोष दहा वर्षांनीही चाकूच्या कापट्यात दिसतात.

वर्षातून एकदा-दोनदा पोकळ दातांच्या यंत्रानं छिद्रं पाडा. बारा मिलिमीटर व्यासाची छिद्रं पाच सेंटिमीटरवर पाडली तर पृष्ठभागाचा साडेचार टक्के भाग मोकळा होतो. बाहेर आलेल्या गोळ्या उचला आणि छिद्रं वाळूनं भरा. वेळ मात्र गवताच्या सोयीची निवडा. बर्म्युडा उष्णतेत वाढतं, तेव्हा एप्रिल-मेमध्ये जखम लवकर भरते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पाडलेली छिद्रं होळीपर्यंत तशीच राहतात. खेळाडू नाराज होतात, कारण दोन आठवडे चेंडू सरळ जात नाही. त्यांना आधीच सूचनाफलकावर तारखा द्या, कारण लिहा, आणि जमलं तर सोबत एक कापटा ठेवा. छिद्रातून खाली उतरलेली पांढरी मुळं डोळ्यांनी पाहिली की बहुतेकांची तक्रार थांबते.

खत आणि फवारणी

ग्रीनला खत चमच्यानं भरवावं लागतं. आठ-दहा दिवसांनी चौरस मीटरला एक ग्रॅम नत्र, एवढं माप वाढीच्या काळात बऱ्याचदा पुरतं. पाचशे चौरस मीटरला ते पाचशे ग्रॅम होतं आणि युरियात ४६ टक्के नत्र असल्यामुळे साधारण १.१ किलो युरिया लागतो. स्पर्धेआधी गडद हिरवा रंग यावा म्हणून ओंजळीनं युरिया टाकू नका. पान फोफावतं, मुळं थांबतात आणि आठवड्यानं बुरशी येते.

रोगावरचा पहिला उपाय बाटलीत नसतो. पहाटे लांब बांबूनं किंवा दोरानं ग्रीनवरचं दव झाडून टाका, सावली करणाऱ्या फांद्या विरळ करा, वारा खेळू द्या. हुमणी या किडीच्या बाबतीत तर शेतकऱ्याचंच शहाणपण कामी येतं. पहिल्या वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर जमतात. तेव्हाच प्रकाशसापळे लावून किंवा फांद्या हलवून ते गोळा केले, तर पुढे मुळं खाणाऱ्या अळ्यांची पिढीच घटते.

औषध मारावंच लागलं, तर आधी डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर फवारणीच्या माणसाला हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे दिल्याशिवाय पंप हातात देणं हा मी गुन्हा समजतो. वाऱ्यात फवारणी नको. उपाशीपोटी नको. फवारणीनंतर अंघोळीची सोय मैदानावरच हवी. तो माणूस औषध अंगावर घेऊन घरी लेकराबाळांत जाता कामा नये.

पावसाळ्याची तयारी

पावसाळ्यात ऊन कमी मिळतं, म्हणून जूनमध्येच ग्रीनची उंची अर्धा ते एक मिलिमीटर वाढवा. मे महिन्यात सगळ्या चऱ्या, जाळ्या आणि निचऱ्याची तोंडं साफ झालेली असावीत. माती लडबडलेली असताना जड यंत्र आत नेऊ नका. एका दिवसाची कापणी चुकली तर चालेल, पण चाकोऱ्यांखाली दाबली गेलेली माती वर्षभर मुळांना खाली जाऊ देत नाही.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजेचा धोका सगळ्यात जास्त. गडगडाट ऐकू आला की काम थांबवा, झाडाखाली उभं राहू नका, पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका. रफमध्ये पहाटे गमबूट आणि विजेरी सक्तीची करा. घोणस पाचोळ्यात दिसत नाही. साप चावलाच तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, माणसाला शांत ठेवून थेट रुग्णालयात न्या. सर्पदंशावरचं प्रतिविष जिथे मिळतं त्या सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक भांडारघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

माणसं

आमचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. पहिला खेळाडू यायच्या आत ग्रीन्स कापलेल्या, वाळूचे बंकर ओढलेले आणि होलच्या जागा बदललेल्या हव्यात. होल बदलणारा माणूस नीट निवडा. १०८ मिलिमीटरचं ते वर्तुळ कडेपासून चार पावलं आत, उतारावर न येणाऱ्या आणि कालच्या पावलांनी न दबलेल्या जागी पाडायचं असतं. त्यानं जागा चुकवली तर दिवसभर सगळे त्याच थकलेल्या मुळांवर उभे राहतात. ही नजर पदवीनं येत नाही.

मोअर चालवणाऱ्याला "असं कर" एवढं सांगून थांबू नका, का करायचं तेही सांगा. मामांच्या चाकूनं मला जे शिकवलं, ते मी दर नव्या माणसाला त्याच्याच हातानं कापटा काढायला लावून दाखवतो. आणि खेळाडूंना माझी हात जोडून एक विनंती आहे. चेंडू पडून ग्रीनवर झालेला खड्डा दुरुस्त करताना काटा खाली खुपसून माती वर उचकटू नका. त्यानं मुळं तुटतात. काठाचं गवत चारी बाजूंनी मधल्या भागाकडे ओढा आणि पटरनं हलकेच दाबा. दहा सेकंद लागतात.

या कामात यायचं असेल तर

पदवीनंतर थेट कार्यालयात खुर्ची शोधू नका. पहिले सहा महिने मोअरमागे चाला, पंप खोला, पाती घासा, वाळूचं घमेलं उचला. त्रैराशिक पक्कं करा. रोजनिशी लिहा: किमान तापमान, पाऊस, कापणीची उंची, दिलेलं पाणी, दिलेलं खत. रविवार आणि सण तुमचे नसतील, कारण खेळ तेव्हाच असतो. घरच्यांना हे आधी स्पष्ट सांगा. टोपी, पाणी आणि पाठीचा व्यायाम यांत हयगय करू नका.

आमच्या मैदानाच्या कुंपणाजवळ एक कोपरा आहे. गणेश चतुर्थीला कामगार तिथून घरी दूर्वा नेतात, म्हणून मी तिथे कधी फवारणी होऊ देत नाही. मग हळूहळू तिथलं खत थांबलं, पाणी थांबलं, कापणीही थांबली. मागच्या वर्षी सहज म्हणून तिथे कुदळीनं खणून पाहिलं. हातभर खाली गेलो, तरी पांढरी मुळं संपत नव्हती. ग्रीनवर इतकी खोल मुळं मला कधीच मिळणार नाहीत; तिथे रोज पान कापावं लागतं. पण त्या खड्ड्याशी उकिडवा बसलो होतो, तेव्हा कळलं की आपण जे काही करतो त्यातलं बरंचसं गवताला सहन करावं लागतं. त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढवला आहे: आज काय करायचं टाळलं. तुमच्या वहीतही तो असू द्या.